स्पॅम फिल्टरला आधी कामाचे मेल ओळखायला शिकवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एमआयडीसीतला सुट्या भागांचा कारखाना, साठेक मेलबॉक्स, स्वतःचा लिनक्स सर्व्हर आणि त्यावर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) व स्पॅमअसॅसिन (स्पॅम फिल्टर). गेले काही महिने लोकांकडून स्पॅम गोळा करून तुम्ही फिल्टरला शिकवताय. तरीही ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे क्लिक करा’ छापाचे मेल इनबॉक्समध्ये येतात आणि ग्राहकांच्या चौकशा, निविदांचे मेल जंकमध्ये जाऊन पडतात. हे सगळं काढून आरस्पॅमडी हे दुसरं स्पॅम फिल्टर बसवावं का, असंही विचारलंय.

लगेच काही काढू नका. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, पण त्यात हॅमचा उल्लेख एकदाही नाही. हॅम म्हणजे स्पॅम नसलेला, कामाचा मेल. स्पॅम फिल्टर म्हटलं की माणूस स्पॅम गोळा करायला लागतो आणि हॅम विसरतो. बेझच्या पद्धतीला, म्हणजे शब्दांवरून मेल स्पॅम असण्याची शक्यता काढणाऱ्या फिल्टरच्या भागाला, मात्र दोन्ही ढीग लागतात, कारण तिचं सगळं गणित तुलनेचं आहे.

समजा, तुम्ही १००० स्पॅम आणि १००० हॅम शिकवले. ‘ई-वे’ (मालवाहतुकीच्या ई-वे बिलातला) हा शब्द ५० स्पॅममध्ये आणि ४०० हॅममध्ये सापडला. म्हणजे स्पॅमच्या ढिगात त्याचं प्रमाण ०.०५ आणि हॅमच्या ढिगात ०.४०. या शब्दाचा स्पॅमकडचा कल निघतो ०.०५ भागिले ०.४५, म्हणजे सुमारे ०.११. हा शब्द तुमच्याकडे कामाच्या मेलची खूण ठरला. आता तुमच्यासारखी स्थिती घ्या. स्पॅम तेच १०००, पण हॅम फक्त २००, आणि तेही फिल्टरने स्वतःहून शिकलेले. त्यात वृत्तपत्रिका आहेत, सर्व्हरचे रात्रीचे अहवाल आहेत. ‘ई-वे’ त्यातल्या जेमतेम २ मेलमध्ये. हॅममधलं प्रमाण ०.०१ झालं आणि तोच कल ०.०५ भागिले ०.०६, म्हणजे ०.८३ वर गेला. ‘क्वोटेशन’, ‘ड्रॉइंग’, ‘परचेस ऑर्डर’, ‘पेमेंट’ या शब्दांचंही हेच होतं. भामटे नेमके हेच शब्द वापरतात, आणि तुमचे खरे ग्राहक तेच शब्द वापरतात हे फिल्टरला कुणी सांगितलेलंच नाही. मग चौकशा जंकमध्ये जातात यात नवल नाही.

पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये ही पद्धत लोकप्रिय केली तेव्हा त्यांनी हॅममधल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली होती, कारण खरा मेल अडकणं हे स्पॅम सुटण्यापेक्षा जास्त महाग. पुढे गॅरी रॉबिन्सन यांच्या सूत्रांनी सगळ्या शब्दांचे कल एकत्र करण्याची रीत सुधारली आणि स्पॅमअसॅसिन आज तीच वापरतं. तिचा फायदा असा की पुरावा धूसर असला तर उत्तर ०.५ च्या आसपास राहतं, म्हणजे ‘माहीत नाही’ असं फिल्टर प्रामाणिकपणे सांगू शकतं.

पण शिकवायच्या आधी बेझ चालू आहे का ते बघा. जंकमध्ये गेलेला एखादा खरा मेल उघडा, त्याचं पूर्ण हेडर (मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती) काढा आणि एक्स-स्पॅम-स्टेटस ही ओळ वाचा. त्यात कुठले नियम लागले त्यांची नावं असतात. बेझने सुरू होणारं एकही नाव नसेल तर तुमची सगळी शिकवणी दुसरीकडेच कुठेतरी चालली आहे. याचं नेहमीचं कारण एकच. शिकवताना आपण रूट म्हणून लॉगइन असतो, आणि मेल तपासणारी सेवा वेगळ्या यूजरच्या नावाने चालते. दोघांचे डेटाबेस वेगळे होतात. एक शिकतो आणि दुसरा पेपर देतो. एसए-लर्न या शिकवणाऱ्या आज्ञेला डम्प मॅजिक करायला सांगा, पण ते तपासणाऱ्या सेवेच्या यूजरनेच. त्यात एनस्पॅम आणि एनहॅम, म्हणजे शिकलेल्या स्पॅमचा आणि हॅमचा आकडा, दिसतील. दोन्ही किमान २०० झाल्याशिवाय बेझ तोंडच उघडत नाही, हा मूळ नियम आहे. माझ्या मते २०० हा आकडा फारच कमी आहे. तुमच्या आकाराच्या ऑफिसला दोन्हीकडे हजाराच्या आसपास मेल झाल्यावरच निकालावर भरवसा ठेवावा.

त्याच ओळीत ‘यूआरआयबीएल ब्लॉक्ड’ असं दिसतंय का तेही बघून घ्या. दिसत असेल तर तुमचा सर्व्हर डीएनएससाठी (नावांचे पत्ते शोधण्यासाठी) गूगलच्या ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ वर अवलंबून असणार. काळ्या याद्या (स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आणि लिंकच्या याद्या) चालवणारे अशा सार्वजनिक रिसॉल्व्हरकडून (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरकडून) आलेले प्रश्न नाकारतात. स्पॅमहाउस ही अशीच एक संस्था, ती अशा वेळी १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर पाठवते. तो निव्वळ त्रुटी झाल्याचा संकेत आहे, ‘हा आयपी यादीत आहे’ असा त्याचा अर्थ नाही. पण पोस्टफिक्समध्ये ‘काहीही उत्तर आलं तर नाकारा’ असं लिहिलेलं असेल तर जगातला प्रत्येक मेल परत जायला लागतो. म्हणून सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा रिसॉल्व्हर चालवा, आणि पोस्टफिक्सला नेमकी कुठली उत्तरं धरायची तेही लिहून द्या. जुन्या ब्लॉगवरून उचललेल्या याद्याही तपासा. ओआरडीबी ही यादी २००६ च्या अखेरीस बंद झाली आणि २००८ मध्ये तिने सरसकट सगळ्यांना ‘यादीत आहे’ म्हणायला सुरुवात केली. सॉर्ब्स जून २०२४ मध्ये बंद झाली. मेलेल्या यादीला विचारत राहण्यात फायदा काहीच नाही, धोका मात्र आहे.

आता हॅम आणायचं कुठून? लोकांना ‘चांगले मेल पाठवा’ म्हटलं तर कुणी पाठवत नाही, आणि ते बरंच आहे, कारण फॉरवर्ड केलेला मेल शिकवण्याच्या कामाचा नसतो. फॉरवर्ड करताना मूळ हेडर जातात आणि पाठवणारा म्हणून तुमच्याच अकाउंट्समधल्या बाईंचं नाव येतं. स्पॅम फॉरवर्ड करून घेत असाल तर तुम्ही फिल्टरला शिकवताय की या बाई स्पॅम पाठवतात. तुमच्या लिहिण्यावरून मला तीच शंका येते आहे. तसं असेल तर आतापर्यंतचा डेटाबेस पुसून टाका, दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका.

हॅम गोळा करायची सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे उत्तर दिलेले मेल. माणसाने ज्या मेलला उत्तर दिलं तो बहुतेक वेळा खरा असतो. मेलडिरमध्ये (प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवणाऱ्या मांडणीत) अशा फाइलच्या नावाच्या शेवटी आर ही खूण असते, आणि डव्हकॉटच्या डवअ‍ॅडमने ‘आन्सर्ड’ असा शोध घेतला की ते सगळे एका झटक्यात मिळतात. गेल्या सहा महिन्यांतले घ्या, त्याहून जुने नकोत. खरेदी, विक्री, अकाउंट्स, एचआर, मालक, प्रत्येकाकडून थोडे थोडे हवेत. फक्त विक्रीचे शिकवले तर पगाराच्या स्लिपा आणि पीएफचे मेल परके राहतात. ज्यांना कुणी उत्तर देत नाही पण जे लागतात, म्हणजे बँकेचे व्यवहार, जीएसटी पोर्टल, निविदांच्या सूचना, कुरियरची पावती, ते हाताने वेचून टाका. अशा मेलना खरं तर जास्त गरज असते. यंत्राने बनवलेले, नुसते एचटीएमएल, विषय सगळा मोठ्या अक्षरांत, अशी त्यांची ठेवण बरेचदा स्पॅमसारखीच असते.

इथे खासगीपणाचा प्रश्न येतो, तोही मालकांशी आधीच बोलून घ्या. बेझच्या डेटाबेसमध्ये शब्द उघडे नसतात, त्यांचे तोकडे केलेले हॅश (शब्दावरून काढलेले सांकेतिक आकडे) असतात. पण शिकवायला जमवलेल्या फोल्डरमध्ये पूर्ण मेल असतात. त्या फोल्डरला तुमच्याशिवाय कुणाला हात लावता येणार नाही असं करा.

यापुढचा स्पॅम लोकांनी जंक फोल्डरमध्ये ओढून टाकावा. डव्हकॉटमध्ये आयमॅपसीव्ह ही सोय आहे, त्याने ओढलेला मेल थेट शिकवता येतो. जंकमधून बाहेर काढला तर हॅम, जंकमध्ये टाकला तर स्पॅम. जंकमधून ट्रॅशमध्ये गेलेला मेल मात्र हॅम धरला जाणार नाही याची सोय करा, नाहीतर कुणी जंक रिकामा केला की सगळा कचरा चांगला म्हणून शिकला जाईल. तरीही साठ माणसांच्या ऑफिसात मी हे थेट जोडत नाही. लोकांच्या दृष्टीने स्पॅम म्हणजे ‘मला नको असलेला मेल’. विक्रीवाल्याला व्यापारी पोर्टलवरून आलेली चौकशी हवी असते, स्टोअरवाल्याला ती कटकट वाटते आणि तो ती जंकमध्ये टाकतो. डेटाबेस सगळ्यांचा एक, म्हणजे त्याच्या एका ओढण्याने विक्रीवाल्याचं नुकसान. म्हणून लोकांनी ओढलेले मेल आधी एका मधल्या फोल्डरमध्ये जमा होऊ द्या. आठवड्यातून एकदा एका माणसाने त्यावर नजर फिरवायची आणि मगच शिकवायचं. मागून घेतलेली वृत्तपत्रिका कुणी टाकली असेल तर त्यातली ‘अनसबस्क्राइब’ची लिंक त्या माणसाला दाखवा, फिल्टरला नको.

फिल्टर आपोआप शिकतं ते कसं, हेही समजून घ्या. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला नियमांप्रमाणे गुण देतं, जास्त गुण म्हणजे जास्त संशय. १२ च्या वर गेलेला मेल ते स्पॅम म्हणून आणि ०.१ च्या खाली राहिलेला हॅम म्हणून स्वतःच शिकतं. वरची बाजू ठीक आहे, कारण त्यासाठी हेडर आणि मजकूर दोन्हीकडून किमान ३-३ गुण लागतात. खालची बाजू धोक्याची. नव्या डोमेनवरून नीट डिजिटल सही करून आलेला, कुठल्याच यादीत अजून नसलेला स्पॅम शून्याच्या आसपास राहतो आणि हॅम म्हणून डेटाबेसमध्ये शिरतो. मग त्याच्यासारखे पुढचे सगळे बिनबोभाट येतात. हॅमची मर्यादा शून्याच्या खाली, उणे १ च्या आसपास आणा. हाताने शिकवायला पुरेसं हॅम मिळत असेल तर स्वयंशिक्षण सरळ बंद करा. तुमच्या ठिकाणी मी बंदच करेन.

आता मराठीबद्दल, कारण निविदांचे आणि ग्रामपंचायती-जिल्हा परिषदांचे मेल तुमच्याकडे देवनागरीत येतात असं तुम्ही लिहिलंय. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. स्पॅमअसॅसिनच्या जुन्या आवृत्त्या लांबलचक बाइटमाळेचे दोन-दोन बाइटचे तुकडे पाडत. ‘जिल्हाधिकारी’चा असा चुरा झाल्यावर त्यातून मराठी काय उरणार? डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीने यूटीएफ-८ ची हाताळणी बरीच सुधारली. तुम्ही ३.४ वर असाल तर बाकी काही करायच्या आधी ते बदला.

त्यानंतरही मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त नमुने लागतात. फिल्टर व्याकरण जाणत नाही. निविदा, निविदेची, निविदेसाठी, निविदांमध्ये, हे त्याच्या लेखी चार वेगळे शब्द. इंग्रजीत जे पन्नास मेलमध्ये पक्कं होतं त्याला इथे दोनशे लागले तरी आश्चर्य नको. त्यात आपलं टंकलेखन. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिला जातो. एकात वेगळं ‘ऱ’ अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे शून्य रुंदीचं, न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, फिल्टरला दोन वेगळे शब्द. आणि गंमत म्हणजे हीच न दिसणारी चिन्हं भामटे शब्द फोडायला वापरतात. म्हणून कुठूनतरी आणलेला ‘शून्य रुंदीचं चिन्ह दिसलं की गुण वाढवा’ असा नियम तुमच्या फाइलमध्ये असेल तर तो काढा. तो साध्या, सरळ मराठी पत्राला दंड करतो.

जुन्या छापखान्यांकडून आणि डीटीपीवाल्यांकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर अजूनही मेलमध्ये चिकटवून येतो. त्या फॉन्टशिवाय तो निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसतो, आणि फिल्टरलाही तसाच दिसतो. त्यावर वेगळा नियम लिहायची गरज नाही. असे दहा-वीस मेल हॅममध्ये घाला. ती निरर्थक वाटणारी अक्षरंसुद्धा ठरावीकच असतात, बेझ ती छान लक्षात ठेवतं. ‘इंग्रजी सोडून दुसरी भाषा दिसली की गुण द्या’ हा भाषेचा पर्याय मात्र कधीही चालू ठेवू नका.

गुणांचं म्हणाल तर ५.० ही मूळ मर्यादा तशीच ठेवा. लोक स्पॅम वाढला की ती ३ वर आणतात आणि मग खरे मेल अडकतात. नेहमीच्या मांडणीत बेझची ९९ टक्के खात्री ३.५ गुण देते आणि ९९.९ टक्के असेल तर वर ०.२. म्हणजे बेझ एकट्याने कुणाला जंकमध्ये टाकू शकत नाही, आणि ही रचना मुद्दाम केलेली आहे. ५ ला जंक, आणि १२ च्या पुढे एसएमटीपी (मेल देणाऱ्या-घेणाऱ्या सर्व्हरमधलं संभाषण) चालू असतानाच नकार. नकार तिथल्या तिथे दिला तर खऱ्या माणसाला आपला मेल पोचला नाही हे कळतं. आधी स्वीकारून मागाहून परत पाठवाल तर तो परतीचा मेल खोट्या नावामागच्या निरपराध माणसाला जातो आणि तुमचा आयपीच यादीत जातो. गुपचूप पुसून टाकणं हा तिसरा मार्ग, तो धंद्याच्या मेलसाठी विचारातही घेऊ नका.

‘मेलबॉक्स भरला’वाले फसवे मेल तुमच्याच डोमेनच्या नावाने येतात, असं तुम्ही म्हणता. तुमच्या पांढऱ्या यादीत (ज्यांचे मेल न अडवता घ्यायचे त्यांच्या यादीत) स्वतःचं डोमेन आहे का ते बघा. ‘आपल्याच लोकांचे मेल अडकू नयेत’ म्हणून ते कुणीतरी घातलेलं असतं, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहायला काहीच लागत नाही. ते काढा. पांढरी यादी हवीच असेल तर एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) जुळल्यावरच लागू होणारी वापरा, ४.० मध्ये तिचं नाव वेलकमलिस्ट-ऑथ आहे. बँक, जीएसटी, मोठे ग्राहक त्यात घाला. आणि स्वतःच्या डोमेनला डीमार्क (या तपासण्यांत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) लावा. सुरुवातीला नुसते अहवाल मागवा, तुमचा अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा सर्व्हर, वेबसाइटचा फॉर्म असे सगळे पाठवणारे सापडले की क्वारंटाइन, आणि मग रिजेक्ट. मात्र सही जुळली म्हणजे मेल चांगला असं समजू नका. भामटेही आपल्या डोमेनवरून रीतसर सही करतात. सही फक्त पाठवणारा कोण ते सांगते.

ग्रेलिस्टिंगबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने ये’ सांगायचं आणि जो परत येतो त्याला घ्यायचं, ही युक्ती २००३ सालची. पोस्टग्रे हे त्याचं साधन मुळात ३०० सेकंद थांबवतं. बँकेचा किंवा पोर्टलचा ओटीपी तोवर मरतो, आणि मोठ्या कंपन्या दुसऱ्या वेळी वेगळ्याच आयपीवरून येतात म्हणून आणखी उशीर. सरसकट ग्रेलिस्टिंग आता नको. त्याऐवजी पोस्टफिक्समधलं पोस्टस्क्रीन चालू करा. ते नव्या पाहुण्याला अभिवादनाआधी ६ सेकंद थांबवतं, आणि घाईने आधीच बोलायला लागणारी बॉट तिथेच पकडली जातात. पोस्टस्क्रीनच्या अभिवादनानंतरच्या खोल चाचण्या मात्र बंदच असू द्या, त्यांनी पुन्हा ग्रेलिस्टिंगसारखाच उशीर होतो.

फिल्टरने पकडावा अशी अपेक्षा करू नये असा एक प्रकार आहे. तुमच्या खऱ्या पुरवठादाराचा मेलबॉक्स कुणीतरी फोडतं, जुनं संभाषण वाचतं आणि त्याच धाग्यात उत्तर देतं की आमचं बँक खातं बदललंय. पत्ता खरा, सही खरी, शब्द नेहमीचे. बेझ याला हॅमच म्हणणार, आणि त्याच्या परीने ते बरोबर आहे. खातं बदलल्याचा मेल आला की आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही, हा नियम अकाउंट्समध्ये लिहून लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

नव्याने शिकवल्यावर परीक्षा घ्या. जमवलेल्या मेलपैकी सगळ्यात ताजे, पाचवा हिस्सा, बाजूला ठेवा आणि ते शिकवू नका. उरलेल्यांवर शिकवून त्या ताज्यांना गुण द्यायला लावा. सरमिसळ करून वाटणी करू नका, कारण एकाच मोहिमेतले मेल दोन्हीकडे गेले तर निकाल खोटाच गोड येतो. अडकलेला हॅम आणि सुटलेला स्पॅम वेगवेगळे मोजा, दोन्हींची मिळून एकच टक्केवारी काढू नका.

आरस्पॅमडीबद्दल. ते वेगवान आहे, रेडिस या वेगवान डेटाबेसवर चालतं, ग्रेलिस्टिंगही फक्त संशयित मेललाच करतं, आणि नवा सर्व्हर उभारायचा असता तर मी तेच घेतलं असतं. साठ मेलबॉक्सना वेगाचा फरक जाणवणार नाही. त्यालाही बेझसाठी मुळात दोन्ही बाजूंनी २०० नमुने लागतात, म्हणजे हॅमची ही मेहनत चुकत नाही. स्पॅमअसॅसिनमध्ये साठलेलं शिक्षण तिकडे कामाला येत नाही. म्हणून निवडलेले हॅम आणि स्पॅमचे फोल्डर शिकवून झाल्यावर पुसू नका, तारखेप्रमाणे ठेवून द्या. उद्या बदलायचं ठरलं तर तेच फोल्डर नव्या फिल्टरपुढे ठेवता येतील.